गॅस गेलाय

घरातली बाकीची यंत्रं बिघडतात ती उघडपणे बिघडतात. पंखा थांबला की थांबलेला दिसतो. मिक्सर जळला की वास सुटतो. गीझर बिनसला तर सगळ्या घराचा एमसीबी पाडून मोकळा होतो. फ्रिज मात्र बिघडल्याचा पत्ता लागू देत नाही. दार उघडलं की दिवा लागतो, मागून घरघर ऐकू येते, दारावर चुंबकानं चिकटवलेला दूधवाल्याचा हिशेब जागच्या जागी असतो. आत थंडावा तेवढा नसतो. बातमी फुटते ती लोण्यावरून. पोळीला लावायला घेतलेलं लोणी सुरी टेकायच्या आधीच पसरलं, की घरातली बाई दोन बोटं दुधाच्या पातेल्याला लावते आणि म्हणते, "अहो, फ्रिज थंड करत नाहीये."

यावर कर्त्या पुरुषाचं उत्तर ठरलेलं असतं. "आत्ताच काहीतरी गरम ठेवलं असशील."

इथून तपास सुरू होतो, पण फ्रिजचा नव्हे, माणसांचा. रात्री शेवटचं दार कुणी उघडलं? नीट लावलं होतं का? अख्खं कलिंगड आत कुणी कोंबलं? मुलं एका सुरात "मी नाही" म्हणतात. कामाला येणाऱ्या मावशींनी परवा फ्रिज पुसला होता, हे कुणालातरी आठवतं आणि आज त्या सुट्टीवर असल्यानं आरोप बिनविरोध मंजूर होतो.

मग थर्मोस्टॅटच्या बटणाकडे लक्ष जातं. त्यावर १ ते ७ असे आकडे असतात आणि त्यांचा तापमानाच्या अंशांशी काही संबंध नसतो. आकडा वाढवल्यावर थंडावा वाढतो की कमी होतो, यावर लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही कित्येक घरांत एकमत झालेलं नाही. (वाढतो.) डबल डोअर फ्रिजात अशी दोन बटणं असतात, तेव्हा तर विचारूच नका. वरचं बटण वरच्या कप्प्याचं आणि खालचं खालच्याचं, असा सगळ्यांचा प्रामाणिक समज. बऱ्याच मॉडेलांत त्यातलं एकच खरा थर्मोस्टॅट असतो. दुसरं म्हणजे फ्रीझरमधली गार हवा खाली किती सोडायची, ती झडप. त्यामुळे खाली थंड होत नाही म्हणून घाबरून दोन्ही बटणं टोकाला नेणारा माणूस अनेकदा खालचा वारा स्वतःच्याच हातानं कोंडतो. सकाळी दूध नासतं आणि वरचं आइस्क्रीम दगड होतं. "वर तर चांगलं करतोय," असं म्हणत तो पुन्हा एकदा बटण पिळतो.

एवढं होऊनही भागलं नाही की निदान केलं जातं. ते सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत एकच आहे. गॅस गेलाय. छातीत दुखलं, पोट फुगलं, पाठीत चमक आली, तरी आपल्याकडे जसा 'गॅसेस' हा एकच रोग असतो, तसंच हे. गॅस दिसत नाही, गेल्याचा पुरावा लागत नाही, आणि गेला यात कुणाचीच चूक नसते. याहून सोयीचा आजार शोधून सापडायचा नाही.

फ्रिजमधला गॅस वापरून संपत नसतो, ही साधी गोष्ट मात्र या निदानात बसत नाही. फ्रिज थंडावा तयार करतच नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेर तुमच्या स्वयंपाकघरात आणून टाकतो. (उकडतंय म्हणून फ्रिजचं दार उघडं टाकून समोर बसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो, मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांत उष्णता सोडून त्याचा द्रव होतो, तो द्रव केसासारख्या बारीक कॅपिलरीतून फ्रीझरच्या नळ्यांत शिरतो, तिथं उकळून पुन्हा गॅस होतो आणि उकळायला लागणारी उष्णता तुमच्या मटारांकडून काढून घेतो. मग परत कॉम्प्रेसर. नळ्या चारी बाजूंनी बंद असतात. कारखान्यात एकदा भरलेला गॅस त्यांतच वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झालाच तर कुठंतरी भोक आहे, आणि भोक न शोधता नुसता गॅस भरला तर भरलेलाही त्याच वाटेनं जाणार. तरी 'गॅस भरून देतो' म्हणणारा मेकॅनिक आपल्याला आवडतो आणि 'लीकेज शोधावं लागेल' म्हणणारा खर्चात पाडणारा वाटतो.

बरं, हा गॅस असतो तरी किती? हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजांत आर-६००ए असतो. हा आयसोब्युटेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच खानदानातला. एका फ्रिजात साधारण ५० ग्रॅम. घरच्या लाल सिलिंडरात १४.२ किलो गॅस मावतो. तेवढ्या वजनात अडीचशेहून जास्त फ्रिज थंड व्हावेत. तो पेट घेतो, म्हणून भरलेल्या नळीवर ज्योत धरणाऱ्या उत्साही कारागिराला घरात घेऊ नये, एवढं मात्र गांभीर्यानं सांगतो.

एके काळी गॅस जाणं ही खरोखरच वाईट बातमी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रिजांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड, मिथाइल क्लोराइड असली विषारी मंडळी फिरत. बर्लिनमध्ये गळक्या फ्रिजमुळे एक अख्खं कुटुंब झोपेत गेल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन अस्वस्थ झाला आणि लिओ झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाला हाताशी धरून त्यानं बिनहलत्या भागांचा फ्रिज शोधून काढला. १९३० साली त्याचं अमेरिकन पेटंटही मिळालं. तो फ्रिज कुणाच्या स्वयंपाकघरात काही पोचला नाही. सापेक्षता सिद्धान्ताचा जनक ज्यापुढे थकला, तिथं आपले शेजारी "त्यात काय, रिले बदला" म्हणतात, यावरून आपल्या आत्मविश्वासाची कल्पना यावी. पुढे टॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या चमूनं फ्रिऑन शोधला. तो बिनविषारी आहे आणि पेटतही नाही, हे दाखवायला मिजलीनं १९३० मध्ये भरसभेत तो श्वासात ओढून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. टाळ्या पडल्या असणारच. हाच गॅस वर जाऊन ओझोनचा थर कुरतडतो हे कळायला पुढची चार-पाच दशकं गेली, आणि १९८७ च्या माँट्रियल कराराप्रमाणे त्याला हळूहळू निरोप द्यावा लागला. म्हणजे गॅस जाण्याची काळजी जगानं किती वेगवेगळ्या कारणांनी केली आहे! आपली त्यातली सगळ्यात निरुपद्रवी.

हे सगळं तोंडपाठ असण्याचं कारण नागपूरची मावशी. तिच्याकडचा फ्रिज ऐन नवतप्यात रुसला तेव्हा मी तिथं होतो. ज्यांनी विदर्भातला नवतपा अनुभवला नाही त्यांच्यासाठी सांगतो, मे महिन्याच्या अखेरीचे हे दिवस. पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही आणि नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी राहते. अशा दिवसांत फ्रिज गेला की घरात सगळ्यात खूश होतात त्या आजी. काकांच्या आईनं, म्हणजे मावशीच्या सासूबाईंनी, आयुष्यात फ्रिजचं पाणी घशाखाली उतरू दिलेलं नाही. "माठ कधी बंद पडलेला ऐकला का?" असं त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून विचारलं. बर्फाबद्दलचा हा संशय आपल्याकडे जुना आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजातून मुंबईला यायला लागला, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं, असा किस्सा मुंबईचे जुने जाणकार सांगतात. आजींना मी तो ऐकवला. त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही.

मावशीचं लक्ष इतिहासात नव्हतं. ती फ्रिज रिकामा करत होती. मराठी घराचा फ्रिज भरलेला असताना जेवढा वाटतो त्याच्या तिप्पट माल बाहेर येतो. ओट्यावर, मग जेवणाच्या टेबलावर, मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून. विरजणाची वाटी. काकांच्या डोळ्यांत घालायचे थेंब. ढोकळ्याबरोबर आलेल्या आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या चटणीच्या पुड्या. मेंदीचा कोन. हिवाळ्यात रविवारच्या रविवार सोलून पिशव्यांत भरलेला मटार. एका डब्यावर चिकटपट्टीनं 'पुरण' असं लिहिलेलं होतं आणि आत आल्याची पेस्ट होती. तो खुलासा मावशीनं कुणी विचारायच्या आधीच केला. आणि सगळ्यांत मागे, एरवी थंडगार असणाऱ्या कोपऱ्यात, सायीचा डबा.

बाकी सगळं गेलं तरी चाललं असतं, साय जाऊन चालणार नव्हतं. रोज दुधावरून काढून साठवलेली, अजून चार दिवसांनी लोणी निघालं असतं. मावशीनं ती लगेच घुसळायला घेतली. लोण्यासाठी ताकात गार पाणी घालावं लागतं, आणि गार पाणी तर फ्रिजात असतं, हे लक्षात आल्यावर घरात क्षणभर शांतता पसरली. मग आजींनी माठाकडे बोट दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा विजय मी फार वेळ पाहू शकलो नाही.

उरलेला माल शेजाऱ्यांकडे पोचवायचा ठरला. इथं सोसायटीचं खरं रूप कळतं. समोरच्या काकूंनी आमरस आणि दही आनंदानं घेतलं. अंडी पाहून त्यांनी हात मागे घेतला. अंडी वरच्या मजल्यावर गेली. तिथं कालच्या सावजी रश्श्याचा डबाही ठेवून घेतला गेला आणि "आम्ही काही खाणार नाही हं यातलं," असं न विचारता सांगण्यात आलं, त्यावरून मावशीनं डब्याला दोरी बांधली. इडलीचं पीठ कुणीच घेतलं नाही. ते दुपारपर्यंत पातेल्याचं झाकण उचलून बाहेर डोकावत होतं.

दरम्यान काकांनी एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं "खाली थंड होत नाही" एवढं ऐकताच फोनवरूनच सांगितलं की गॅस गेलाय. फ्रिज कोणत्या कंपनीचा, किती जुना, काही विचारलं नाही. काका मात्र प्रसन्न झाले. सकाळपासून ते हेच म्हणत होते. आकडा ऐकल्यावर प्रसन्नता थोडी ओसरली, आणि कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्यानं दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव सुचवलं तेव्हा काका "दुसरं मत घ्यायला काय हरकत आहे" म्हणाले.

हा माणूस संध्याकाळी आला. खांद्याला पिशवी, त्यात मीटर, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर. गॅसची टाकी नव्हतीच, हे पाहून काकांना तो अपुऱ्या तयारीनं आल्यासारखा वाटला.

त्यानं आधी फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवला. "गरम आहे," तो समाधानानं म्हणाला.

"तेच तर! पाहा ना किती तापलाय!" काका म्हणाले.

"तापलाच पाहिजे ना काकाजी. आतली गरमी बाहेर फेकून राहिला तो. थंड लागला असता तर मी घाबरलो असतो." मग त्यानं फ्रीझर उघडला. "वर बर्फ जमून राहिला?"

"वर जमतोय. खालीच काही नाही."

"मग ग्यास आहे. ग्यास जाऊन जाईल कुठं?"

काकांचा चेहरा पडला. एवढ्या खात्रीनं दिवसभर जपलेलं निदान असं दोन वाक्यांत जावं, हे त्यांना पटत नव्हतं. मेकॅनिकनं दाराच्या चौकटीतलं पांढरं बटण बोटानं दाबून धरलं आणि कान आत घातला. दार उघडं असलं की पंखा थांबतो. बटण दाबलं की फ्रिजला दार लागलंसं वाटतं आणि पंखा सुरू होतो. आतून खर्र, खर्र असा आवाज आला. त्यानं फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याचे स्क्रू काढले, पडदा हलवत हलवत सोडवला, आणि आम्ही सगळे वाकून पाहू लागलो.

आत पांढरी भिंत होती. नळ्या नाहीत, पत्र्या नाहीत, काही नाही; नुसता घट्ट बर्फ, आणि पंख्याची पाती त्याच्या कडेला घासत होती. गार हवा निघायला वाटच उरली नव्हती. खाली जायची ती कशी जाणार?

मावशी तत्परतेनं उलथणं घेऊन आली. "अहो काकू, ते आधी ठेवा!" मेकॅनिक इतक्या जोरात ओरडला की आजी जाग्या झाल्या. "असंच खरवडून खरवडून लोक नळीला भोक पाडतात. मग जाते ग्यास."

बर्फ वितळवायच्या आधीच त्यानं मीटर काढला. नळीला चिमट्यानं अडकवलेली, रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल चकती होती, तिला दोन वायरी. तिच्या टोकांना मीटर लावला; काटा जागचा हलला नाही. "बायमेटल गेला. हीटर चांगला आहे."

"हीटर?" मावशीला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "फ्रीझरमध्ये हीटर?"

असतो. फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ होतच नाही असा आपला समज. बर्फ होतोच, फक्त दिवसातून दोन-तीनदा कॉम्प्रेसर थांबवून हीटर तो वितळवतो आणि पाणी मागच्या नळीनं खालच्या ट्रेमध्ये जाऊन कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं उडून जातं. नळ्या गार असल्या की बायमेटल हीटरला वीज जोडून देतो, पुरेशा उबदार झाल्या की तोडतो. तो जोडेनासा झाला की हीटर आपला बसून राहतो आणि बर्फ दिवसेंदिवस जाड होतो. गार होणं थांबतं ते अती गार झाल्यामुळे. फ्रिज दिवसभर बंद ठेवून दार उघडं टाकलं तर बर्फ वितळतो, फ्रिज उत्तम चालू लागतो, सगळे म्हणतात "विश्रांती हवी होती बिचाऱ्याला," आणि आठ-दहा दिवसांत दूध पुन्हा नासतं.

कोमट पाण्याचे मग ओतत बर्फ उतरवायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मेकॅनिकनं चहा घेतला आणि फ्रिजच्या मागे एक नजर टाकली. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलेला, वर स्टॅबिलायझर, पापडांचे डबे आणि खिशांचं नक्षीदार कव्हर, ज्याच्या कडा दोन्ही बाजूंनी पत्र्यावर लोंबत होत्या. "याला श्वास घ्यायला जागा द्या," तो म्हणाला. पूर्वी मागे उघडी जाळी असायची तेव्हा पावसाळ्यात लोक तिच्यावर मोजे वाळत घालायचे, असंही त्यानं सांगितलं, आणि मावशीनं नजर दुसरीकडे वळवली. दाराचं रबर तपासायला त्यानं नोट मागितली. दारात धरायची, दार लावायचं, ओढून पाहायची, सहज निसटली तर रबर सैल. काकांनी पाकीट उघडून बराच शोध घेतला आणि दहाची दिली.

काकांचे प्रश्न अजून संपले नव्हते. वरच्या मजल्यावरच्या फ्रिजमधून म्हणे हूं आवाज येतो, मग टक, मग काहीच नाही. "रिले काढून कानाशी हलवा," मेकॅनिक म्हणाला. "खुळखुळ वाजला तर रिले फुटला. स्वस्तातलं काम आहे. त्यासाठी कुणी कॉम्प्रेसर बदला म्हटलं तर चहा न पाजता पाठवा."

नवी चकती बसली, वायरी जोडून टेप गुंडाळला, पडदा जागेवर गेला. पैसे काही शे झाले. "रात्रभर काही ठेवू नका आत, रिकामा थंड होऊ द्या," असं बजावून तो जिन्यात पोचतो न पोचतो तोच मावशीनं पाण्याच्या बाटल्या आत लावल्या. बाटल्या म्हणजे काही ठेवणं नव्हे, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांबरोबर बागेत फिरायला गेलो. बाकावर त्यांची नेहमीची मंडळी होती. फ्रिजची बातमी आधीच पोचलेली.

"काय झालं होतं मग?" एकानं विचारलं.

काकांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, फ्रीझरच्या मागे एक बायमेटल नावाचा..."

"बाय काय?"

"बायमेटल. तो हीटरला..."

"फ्रिजमध्ये कुठून आला हीटर?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समोरच्या चार चेहऱ्यांकडे.

"गॅस गेला होता," ते म्हणाले.

"हां, असं सांगा ना!" बाकावर जागा झाली आणि मंडळी मागच्या उन्हाळ्यात कुणाकुणाचा गॅस गेला होता, याची उजळणी करू लागली.